लॅपटॉप घेण्याआधी तो उघडतो का, ते विचारा

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलवायला आलेल्या मुलांनी विषय सांगितला तो असा : ‘चांगला लॅपटॉप कसा निवडावा?’ मी लगेच हो म्हणालो, पण मग ‘चांगला’ या शब्दापाशी अडलो. विकणारा चांगला म्हणतो तेव्हा त्याला पातळ आणि वेगवान म्हणायचं असतं. घरात अब्बा चांगला म्हणतात तेव्हा त्यांना परवडणारा म्हणायचं असतं. मी 16 वर्षं शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, आठवड्यातले दोन दिवस दौंडला असतो. माझ्याकडे नवाकोरा लॅपटॉप कुणी दाखवायला आणत नाही. येतो तो पडलेला, चहा सांडलेला, बॅटरी फुगून तोंड वासलेला. त्यामुळे माझे प्रश्न वेगळे असतात. हा उघडतो का? उघडला तर आत बदलण्यासारखं काही ठेवलंय का? आणि बदलायचा भाग बाजारात मिळतो का?

मी काम शिकलो तेव्हा बहुतेक लॅपटॉपची बॅटरी खालचा खटका सरकवला की हातात यायची. रॅमसाठी एक छोटं झाकण, हार्ड डिस्कसाठी दुसरं. एक स्क्रू ड्रायव्हर असला की निम्मं काम व्हायचं. आता बॅटरी आत गेली, काही मॉडेलांत ती चिकटवलेली असते. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणजे घेताना 4 जीबी घेतली तर मरेपर्यंत 4 जीबीच. कीबोर्ड बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्या वितळवून वरच्या सांगाड्याला बसवतात. एक कळ गेली तर सांगाड्यासकट सगळा वरचा भाग बदला. लॅपटॉप अर्धा सेंटिमीटर पातळ झाला त्याची किंमत ही.

दौंडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. वडील टेम्पो चालवतात. बारावीनंतर तिने पैसे साठवून वीस-बावीस हजारांचा लॅपटॉप घेतला. दीड वर्षात तो इतका मंदावला की फाइल उघडायला घालून चहा करून यावं. मी उघडला. साठवणीची जागा 64 जीबी, तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली. विंडोज आणि तिचे अपडेट यांनीच ती भरली होती. तिच्या अभ्यासाला जागाच उरली नव्हती. रॅम वाढवायची सोय नाही, डिस्क बदलायची सोय नाही. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. ते बनवतानाच तेवढ्या आयुष्याचं बनवलं होतं. तिला मी काय सांगणार होतो? ती म्हणाली, “सर, मी नीट वापरला नाही का?” तिने अगदी नीट वापरला होता, पडद्यावरची पातळ फिल्मसुद्धा काढलेली नव्हती.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, मी तुम्हाला ‘कमी खरेदी करा’ असं सांगायला आलेलो नाही. ज्या घरात चार भावंडांत एक फोन आहे, त्या घरातल्या मुलीला उपभोगवादावर व्याख्यान देणं मला बरं वाटत नाही. लॅपटॉप हवाच. प्रश्न असा आहे, की कमी पैसे असणाऱ्याच्याच गळ्यात सगळ्यात लवकर मरणारं यंत्र का पडतं? पन्नास-साठ हजार देणाऱ्याला निदान आत एक मोकळा खाचा मिळू शकतो. वीस हजार देणारा दीड-दोन वर्षांनी पुन्हा वीस हजार देतो. स्वस्तपणाचा हा हिशेब दुकानाच्या पावतीवर लिहिलेला नसतो, हप्त्याच्या तक्त्यावर तर नाहीच.

मग कमी पैशांत काय घ्यायचं? माझं उत्तर ऐकून घरी कदाचित वाद होईल, कारण आपल्याकडे ‘सेकंडहँड’ म्हटलं की कमीपणा वाटतो. लग्नात, निकालाच्या दिवशी नवीनच वस्तू हवी. पण पुण्यातल्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा विकून टाकतात. ते ऑफिसच्या कामासाठी बनवलेले असतात, सांगाडा दणकट, सुटे भाग मुबलक. एक उदाहरण देतो. 2018 च्या सुमाराचं थिंकपॅड टी480 हे मॉडेल घ्या. त्याची एक बॅटरी बाहेरून निघते, आत रॅमचे दोन खाचे आहेत, डिस्क बदलता येते. आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळे विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चालतं. दिसायला मात्र विटेसारखं आहे, कॉलेजात कुणी वळून बघणार नाही. विकणारी माझी कुणी नातलग नाहीत, कमिशनही मिळत नाही. जे टेबलावर येऊन पुन्हा उठून चालायला लागतं, त्याचं नाव घेतो. जुना घेताना बिजागरी हलते का बघा, बॅटरीची उरलेली क्षमता तपासा, बिल मागा. आणि मशीन सुरू होताना आधीच्या कंपनीचा पासवर्ड मागत असेल तर हात लावू नका. ते कुलूप तुमच्याकडून निघणार नाही, आणि माल कुठून आला हेही विचारावं लागेल.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा : 14 ऑक्टोबर 2025. त्या दिवशी विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे जगभर कोट्यवधी चालू कॉम्प्युटर एका रात्रीत ‘जुने’ ठरले. त्यांचा पडदा, कळा, पंखा सगळं ठीक होतं. माझ्याकडे त्या महिन्यात लोक विचारायला यायचे, “भाई, आता हा फेकायचा का?” फेकायचा नाही. जिथे मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट टाकलं, तिथे दहा वर्षांचे लॅपटॉप आजही चालतात. मराठी टाइप होतं, उर्दू टाइप होतं, ऑनलाइन अर्ज भरता येतात. टॅली किंवा एखादं खास सॉफ्टवेअर लागत असेल तर अडचण येते, हे मान्य. पण अभ्यास, इंटरनेट आणि लिखाण एवढंच काम असेल तर अडत नाही.

आता इथून थोडं बाहेर येऊ. लॅपटॉप मेला, पुढे काय?

तुमच्यातले बरेच जण शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला या रस्त्याने दौंडकडे गेले असतील. पारगावला भीमा ओलांडली की तालुका बदलतो. अलीकडे शिरूरचं रांजणगाव, पलीकडे दौंडचं कुरकुंभ, दोन्हीकडे एमआयडीसी. रांजणगावात एलजी आहे, व्हर्लपूल आहे, हायर आहे. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ तिथे कंत्राटावर असेल. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे 297 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचं मोठं केंद्र उभारायला केंद्र सरकारने मंजुरी दिली, जवळपास 493 कोटींचा प्रकल्प. चांगली गोष्ट आहे, नोकऱ्या येतील. पण याच एमआयडीसीत उद्योगांच्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया आणि विल्हेवाट करणारं सामायिक केंद्रही आहे. म्हणजे वस्तू जन्माला येते तेही आपल्या तालुक्यात आणि विष पुरलं जातं तेही. मधली जी वर्षं आहेत, वापराची आणि दुरुस्तीची, त्यांच्याबद्दल मात्र कुणी एकरात किंवा कोटींत बोलत नाही.

जगात 2022 साली 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा 2024 चा अहवाल सांगतो. त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. चीन आणि अमेरिकेखालोखाल सर्वाधिक ई-कचरा आपल्या देशात होतो. बाकीचा जातो कुठे? आपल्या भागात बघाल तर कपाटात, माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे. इथला भंगारवाला पुण्याच्या व्यापाऱ्याला देतो आणि पुढे माल वेगवेगळ्या वाटांनी उत्तरेकडे जातो. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही नावं या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. मुरादाबाद म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. पितळेचं काम घटलं तसे अनेक कारागीर सर्किट बोर्ड जाळायच्या आणि धुवायच्या कामात आले. त्यांची काळी राख रामगंगेच्या काठावर साठली आणि हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तिथे काम करणारे हात बहुतांशी कुणाचे आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

काम कसं चालतं तेवढं सांगतो. वायरवरचं प्लॅस्टिक जाळलं की आत तांबं मिळतं. जळणाऱ्या पीव्हीसीतून डायऑक्सिन निघतात. बोर्ड शेगडीवर तापवले की सोल्डर वितळतं, त्यात शिसं असतं, आणि चिपा चिमट्याने उचलता येतात. उरलेलं आम्लात बुडवलं की टोकांवरचं सोनं सुटतं, आम्ल गटारात जातं. हे करायला मास्क नाही, हातमोजे नाहीत. दौंडच्या एका गोदामात पंधरा वर्षांचा मुलगा हातोडीने मदरबोर्ड फोडताना मी पाहिला. त्याचं बोट मधूनमधून तोंडात जात होतं, कारण शेजारीच वडापाव ठेवला होता. मालकाला मी म्हणालो तर तो म्हणाला, “भाचा आहे माझा, सुट्टीत येतो.” मालक वाईट माणूस नाही. त्याला त्या धुळीत काय आहे हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

हा आपला विषय आहे तो इथे. 2006 साली सच्चर समितीने नोंदवलं होतं, की पगारी नोकऱ्यांत मुस्लिम कमी आहेत आणि स्वयंरोजगारात इतरांपेक्षा जास्त. त्याचा अर्थ आपल्या मोहल्ल्यात शोधायला लांब जावं लागत नाही. भंगार, गॅरेज, मोबाइल दुरुस्ती, वेल्डिंग. या देशात वस्तूंचं आयुष्य वाढवणाऱ्या आणि मेलेल्या वस्तूंतून धातू काढणाऱ्या लोकांत आपण मोठ्या संख्येने आहोत. पर्यावरणावरच्या परिसंवादात मात्र आपण दिसत नाही. ‘भंगारवाला’ ही शिवी म्हणून वापरली जाते तेव्हा आपलीच मुलं मान खाली घालतात.

कायदा काय म्हणतो? ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम 2011 चे, मग 2016 चे, आणि आताचे 2022 चे, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्यावर ती मेल्यानंतरचीही जबाबदारी टाकणं हा त्यांचा गाभा. कंपनीने नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून ठरलेल्या वजनाचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. आता गंमत बघा. हे प्रमाणपत्र मातीमोल भावाने मिळू लागलं तर रीतसर काम करणारा बुडतो, म्हणून सरकारने 2024 मध्ये किमान दर बांधून दिला : घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना किलोमागे 22 रुपये, स्मार्टफोनला 34. त्याविरुद्ध मोठमोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. डायकिन, सॅमसंग, आणि आपल्या रांजणगावात कारखाना असलेली एलजीसुद्धा. दर फार जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टात जाणं हा त्यांचा हक्क आहे, निकाल कोर्ट देईल. मला एवढंच दिसतं, की किलोला 22 रुपयांवर एवढी भांडणं होतात आणि त्या पोराच्या फुप्फुसाचा दर कुठल्याच कागदावर नाही.

या नियमांना भोकंही आहेत. मोठ्या ग्राहकाने कचरा नोंदणीकृत जागीच द्यायचा, पण मोठा कोण? वर्षात 1000 उपकरणं वापरणारा. आपल्याकडच्या शाळा, पतसंस्था, मदरसे यांतलं कोण त्यात बसेल? सूक्ष्म उद्योगांना नियमांतून वगळलंय, म्हणजे माझं दुकानही बाहेर. छोट्या माणसाला त्रास नको म्हणून वगळलं, हे चांगलंच. पण वगळलेल्याला प्रशिक्षणही कुणी देत नाही.

आपल्यातले काही जण म्हणतात, कायदा आला की आपला धंदा जाणार, तेव्हा या विषयावर गप्प बसावं. मला हे पटत नाही. गोळा करणं, वेगळं करणं, दुरुस्त करणं, चालू भाग काढून विकणं यात कसब आहे आणि ते आपल्याकडे आहे. वायर जाळणं आणि आम्लात बुडवणं यात कसब नाही, फक्त मजबुरी आहे. पहिल्या कामाला मान्यता मागायची आणि दुसरं सोडून द्यायचं, हे दोन्ही एकदम करता येतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी हे करून दाखवलंय. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्या बायकांना ओळखपत्रं मिळाली, आणि 2008 पासून त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार आहे. आज त्या जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूही घरोघरून गोळा करतात. त्यांच्याकडे भांडवल नव्हतं, संघटना होती. शिरूर-दौंडचे भंगारवाले आणि दुरुस्तीवाले मिळून पन्नास जण एकत्र येऊन नगरपालिकेकडे, औद्योगिक वसाहतीकडे का जाऊ शकत नाहीत? जमातीच्या बैठकीत शादीखान्याच्या रंगावर दोन तास चर्चा होते, हा विषय एकदा तरी घ्यावा.

दानाबद्दल एक कडू गोष्ट. पुण्याच्या ऑफिसांतून ‘गरीब मुलांसाठी’ म्हणून जुने कॉम्प्युटर येतात. मी एका मदरशाची खोली बघायला गेलो होतो. जाडजूड काचेचे जुने मॉनिटर, सहा बंद सीपीयू, एकही चालू नाही. देणाऱ्याचा फोटो भिंतीवर. त्या काचेत शिसं असतं आणि ती आता कुणी घेत नाही. कचरा टाकायचा खर्च वाचला आणि सवाबही मिळाला! ‘इसराफ’ हा शब्द आपण ताटातल्या बिर्याणीपुरता ठेवलाय, आणि असल्या दानाला तर शब्दच नाही. यापुढे कुणी द्यायला आलं तर मुलांसमोर चालू करून दाखवायला सांगा, एक वर्ष दुरुस्तीचा खर्च उचलणार का ते विचारा. नाही म्हणायला लाजू नका.

आणि मुलींशी थोडं. बंद फोन, बंद लॅपटॉप घराघरांत कपाटात का पडून असतात याचं एक कारण कुठल्या अहवालात मी वाचलेलं नाही, पण मला माहीत आहे. फोटो. दुरुस्तीवाला बघेल, भंगारवाला बघेल ही भीती. ती खोटी नाही, असे प्रकार होतात. तेव्हा लॅपटॉप देताना डिस्क काढून घ्या, ती निघते का हे घेतानाच विचारा, दुरुस्ती समोर बसून करून घ्या. मी तसं बसू देतो, प्रत्येकाने द्यायला हवं. पण खरा उपाय तुम्ही स्वतः शिकणं हाच आहे. सोल्डरिंगला ताकद लागत नाही, स्थिर हात लागतो. मेंदी काढणारा हात सोल्डरिंग का करणार नाही? दौंडला दोन मुली माझ्याकडे शिकतात. त्यांच्यातली एक आता माझ्यापेक्षा साफ डाग देते आणि मला ते बोलूनही दाखवते.

दुरुस्तीच्या हक्काचं थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण छापावे लागतात : सुटा करता येतो का, माहिती उपलब्ध आहे का, भाग मिळतात का, किती किमतीला. आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पुढे अशाच गुणांकनासाठी समितीही नेमली. ते गुण खोक्यावर येईपर्यंत तुम्हीच ते विचारा. दुकानदाराला विचारा, रॅम वाढते का? डिस्क निघते का? बॅटरी कितीला, आणि पाच वर्षांनी मिळेल का? त्याला उत्तर येणार नाही. दहा जणांनी विचारलं की तो डीलरला विचारेल.

आता कामाचं. पलीकडच्या टेबलावर आज तुम्ही आणलेली बंद मशीन ठेवायची आहेत. जी जगतील ती जगवू, जी जगणार नाहीत त्यांचे भाग काढू, आणि उरलेलं एकत्र करून पुण्याला नोंदणीकृत ठिकाणी मी स्वतः पोचवणार आहे, त्याची पावती ग्रुपवर टाकेन. बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली की पेट घेते. कुणाच्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर तो पिशवीतून काढू नका, चार्जर लावून बघू नका, आधी मला आवाज द्या. वाळूची बादली आणलेली आहे.